कोणत्या महिन्यात मोजलं?

मागच्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. शेजारच्या घरावर दोन माणसं शिडी लावून एक जाडजूड पांढरा पाइप चढवत होती. जमिनीपासून थेट छपराच्या वरपर्यंत. मध्ये एक फुगीर डबा आणि त्यात पंखा. शेजारी निवृत्त झालेत, घर विकून मुलीकडे चाललेत, एवढं मला ठाऊक होतं. पण विकायला काढलेल्या घराला हे शेपूट कशाला लावताय, असं मी त्यांना गमतीनं विचारलं.

"रेडॉन," ते म्हणाले. "घर घेणाऱ्यानं तपासणी करून घेतली. बेसमेंटमध्ये आकडा अकरा निघाला. चारच्या खाली आणून द्या म्हणतोय."

मी फावडं टेकवून म्हटलं, "आमच्याकडे ती भानगड नाही. घर घेतलं तेव्हा मोजलं होतं. दोन पॉइंट सहा."

त्यांनी हातमोजा काढला, नाक पुसलं आणि एकच प्रश्न विचारला. "कोणत्या महिन्यात मोजलं होतं?"

जुलैमध्ये मोजलं होतं. मी तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यानं माझा दिवस खराब केला. कारण आमच्या बेसमेंटमध्ये आई राहते.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, लीहाय व्हॅलीत. घर उतारावर आहे, त्यामुळे बेसमेंटची मागची बाजू उघडी. तिथून दार उघडलं की थेट परसात. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आली, तेव्हा वरच्या मजल्यावरची खोली तिला देऊ केली होती. पण तिचे गुडघे, आणि तिला रोज लागणारं अंगण! तिनंच खालची खोली निवडली. तिथं तिचा पलंग, देव, शिवणाचं मशीन आणि दाराशी कुंडीतली तुळस, जी थंडीत आत येते. जानेवारीपर्यंत आईचे चार हिवाळे त्या खोलीत झाले होते. थंडीत ती दिवसाचे अठरा तास तरी तिथंच असते.

त्या रात्री मी घराच्या कागदांची फाइल काढली. क्लोजिंगच्या वेळी आपण ढीगभर कागदांवर सह्या करतो. त्यातलं किती वाचतो, हे ज्याचं त्यानं आठवावं. तपासणीचा रिपोर्ट सापडला. दोन दिवसांची चाचणी, आकडा २.६. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हवामान आणि ऋतूनुसार हे प्रमाण बदलतं, तेव्हा थंडीत पुन्हा मोजावं किंवा दीर्घ मुदतीची चाचणी करावी. त्याखाली माझी सही. बायकोनं ते वाचलं आणि रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

रेडॉनबद्दल थोडं सांगायला हवं. बऱ्याच जणांनी हा शब्द घर घेताना एकदा ऐकलेला असतो आणि मग विसरलेला असतो.

हा कुठल्या कारखान्यातून येणारा वायू नाही. तो जमिनीतून येतो. जगातल्या जवळजवळ प्रत्येक माती-खडकात थोडं तरी युरेनियम असतं. ते अतिशय सावकाश विघटित होत जातं. त्या साखळीत रेडियम येतं आणि रेडियमपासून रेडॉन. साखळीतले बाकीचे सगळे घन पदार्थ, जिथल्या तिथं मातीत अडकून बसणारे. रेडॉन तेवढा वायू. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि तो कुणाशी संयोगही पावत नाही. मातीच्या फटींतून वाट काढत तो वर येतो. निम्मा रेडॉन संपायला साधारण ३.८ दिवस लागतात, म्हणजे वर यायला त्याला पुरेसा वेळ असतो. थोरियमपासून तयार होणारा त्याचा भाऊ, थोरॉन, याचं अर्धायुष्य जेमतेम ५५ सेकंद. तो लांबून येऊच शकत नाही. भिंतीतून किंवा मातीच्या अगदी वरच्या थरातून निघाला तेवढाच.

उघड्यावर आला की रेडॉन हवेत मिसळून विरळ होतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण अमेरिकेत सरासरी ०.४ पिकोक्युरी प्रति लिटर मानतात. घरात सरासरी १.३. इथल्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे 'ईपीए'नं, ४ ही रेषा आखली आहे. त्याच्या वर गेलात तर घर दुरुस्त करा, आणि २ ते ४ च्या मध्ये असाल तरी विचार करा, असं ती सांगते. युरोप-भारतात बेकरेल प्रति घनमीटर हे एकक वापरतात. १ पिकोक्युरी म्हणजे ३७ बेकरेल, तेव्हा अमेरिकेचे ४ म्हणजे १४८. जागतिक आरोग्य संघटना तर जमल्यास १०० च्या आत ठेवा म्हणते. आकड्यांचा अर्थ असा, की ४ असेल तर तुमच्या खोलीतल्या प्रत्येक लिटर हवेत दर मिनिटाला रेडॉनचे साधारण नऊ अणू फुटताहेत.

खरा त्रास रेडॉनपेक्षा त्याच्या पोराबाळांचा. रेडॉन श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतेक बाहेरही येतो. पण तो फुटला की पोलोनियम, शिसं, बिस्मथ असे घन पदार्थ तयार होतात. तेही किरणोत्सारी. ते धुळीला चिकटतात, श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अस्तरावर बसतात आणि तिथं बसून अल्फा कण सोडतात. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१ हजार माणसं रेडॉनमुळे झालेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरनं जातात, असा ईपीएचा अंदाज आहे. धूम्रपानानंतर या कॅन्सरचं हे दुसरं मोठं कारण.

आमचा भाग यासाठी आधीच बदनाम आहे, हे मला आठ वर्षं इथं राहून माहीत नव्हतं. रेडिंग प्राँग नावाचा जुन्या खडकांचा एक पट्टा पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगपासून न्यू जर्सीतून न्यूयॉर्ककडे जातो. त्यात युरेनियम जास्त. आमच्या घरापासून तासाभराच्या आत लिमरिकचं अणुवीज केंद्र आहे. डिसेंबर १९८४ मध्ये, ते केंद्र नुकतंच कुठं उभं राहत होतं तेव्हा, स्टॅनली वॉट्रस नावाचा तिथला इंजिनियर कामावर आला की किरणोत्सार मोजणारी यंत्रं वाजू लागायची. बाहेर जाताना वाजली असती तर समजण्यासारखं होतं. पण ती तो आत येताना वाजत होती! शोध घेतल्यावर कळलं, की हा माणूस किरणोत्सार घरून घेऊन येतोय. त्याच्या घरातल्या हवेत रेडॉन होता सुमारे २,७०० पिकोक्युरी. अणुवीज केंद्रापेक्षा त्याचं राहतं घर धोक्याचं निघालं. त्या कुटुंबाला बायकामुलांसकट घर सोडावं लागलं आणि पुढे घर दुरुस्त झाल्यावरच ते परतले. घराघरांत रेडॉन मोजायची इथली पद्धत खऱ्या अर्थानं सुरू झाली ती त्यानंतर. आज पेनसिल्व्हेनियातल्या सुमारे ४० टक्के घरांत आकडा चारच्या वर असतो, असं राज्याचंच खातं सांगतं.

हे सगळं मी त्या रात्री वाचलं. सकाळी डिजिटल मीटर मागवला. दोन दिवसांनी तो आला, आईच्या खोलीत तिच्या उशाशी ठेवला. पहिल्या २४ तासांनंतर त्यानं आकडा दाखवला ८.१.

आईला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी बराच वेळ शब्द जुळवत बसलो. जमिनीतून एक वायू येतो वगैरे सुरुवात केली. तिनं मला मध्येच थांबवलं.

"जमिनीतून काय काय येतं ते मला नको सांगूस," ती म्हणाली. "मी कोयनेचा भूकंप बघितलाय."

खरंच बघितलाय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती कोयनानगरला नवी नवरी होती. बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या कामातला एक भाग म्हणजे रोज सकाळी पर्जन्यमापक बघून पावसाचा आकडा लिहिणं. पावसाळ्यात कोयना, नवजा, महाबळेश्वर ही नावं आमच्या घरात देवांच्या नावांसारखी घेतली जायची. बाबा छत्री घेऊन निघाले की आई दारातून ओरडायची, "पेन घेतलं का?"

"किती आहे म्हणालास?" तिनं विचारलं.

"आठ."

"आणि किती पाहिजे?"

"चारच्या आत."

"मग रोज लिहायला पाहिजे," आई म्हणाली. "एका दिवसाच्या पावसावरून कुणी धरण भरलं म्हणतं का?"

आणि तिनं कालनिर्णय काढलं. दरवर्षी भाऊ साताऱ्याहून पाठवतो ते. इथं दुधाचा हिशेब लिहायचा नसल्यानं त्याची चौकटं रिकामीच असतात. त्या दिवसापासून ती रोज सकाळी आठला मीटर बघून चौकटीत आकडा लिहायला लागली. पुढे हवेची नोंद. '७.८ ऊन.' '७.२ कोरडी थंडी.' '९.० ढग.' आणि महिन्याच्या शेवटी, मोठं बर्फाचं वादळ आलं त्या दिवशी, '१३.४ बर्फ. गुडघे फार.'

रेडॉन कमी करणारा माणूस तीन आठवड्यांनी येणार होता. तोवर आईला वर झोपायला लावलं. ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपली, पण 'माझी तुळस खाली एकटी' म्हणत दिवसातून चार वेळा उतरायचीच. तिच्या चौकटी भरत गेल्या तसं मला एक दिसायला लागलं. वादळ यायच्या आदल्या दिवशी आकडा चढायचा. उघडीप पडली की उतरायचा.

"माझ्या गुडघ्यांना आधी कळतं," आईचं म्हणणं. गुडघ्यांचं शास्त्र मला माहीत नाही. पण आकड्याचं आहे, आणि ते इतकं साधं आहे की मला थोडं वाईटच वाटलं, की हे शाळेत कुणी का सांगितलं नाही.

जमीन श्वास घेते. मातीच्या कणांमध्ये हवा भरलेली असते, त्या हवेत रेडॉन. वादळ जवळ येतं तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब उतरतो. मातीतली हवा मात्र अजून जुन्या, जास्त दाबावर असते. मग ती वर यायला लागते, म्हणजे जमीन उच्छ्वास सोडते. दाब पुन्हा चढला की बाहेरची ताजी हवा मातीत शिरते आणि रेडॉन खाली दबतो.

त्यात पाऊस किंवा बर्फ. अंगणातली माती पाण्यानं भरली किंवा गोठून दगड झाली, की तिच्या फटी बुजतात. वायूला तिथून निघायला वाट राहत नाही. मग जिथं माती कोरडी आणि उबदार आहे तिकडे तो वळतो. अशी जागा कुठली? आपल्या घराखालची. बेसमेंटच्या फरशीतल्या भेगा, पाइपांभोवतीच्या फटी, पाणी उपसायला केलेला खड्डा, या सगळ्या वाटा तयारच असतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे घर स्वतः. थंडीत आपण घर तापवतो. गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यावरच्या, माळ्यावरच्या बारीक फटींतून निसटते. तिची जागा घ्यायला खालून हवा ओढली जाते. सगळं घर धुराड्यासारखं काम करतं आणि ते धुराडं तळाशी जमिनीतून हवा खेचतं. वर आपण खिडक्या घट्ट लावून बसलेले. जुलैमध्ये यातलं फारसं काही नसतं. म्हणजे आमचा जुलैचा २.६ खोटा नव्हता. तो जुलैचा होता, एवढंच. आम्ही तो वर्षभराचा समजलो.

वारा मात्र दोन्ही बाजूंनी बोलतो. घराच्या आडोशाच्या बाजूला तो दाब कमी करतो आणि जमिनीतला वायू ओढायला मदत करतो, पण फटींतून ताजी हवाही आत घालतो. आईच्या कालनिर्णयात एक दिवस आहे, '५.९ सोसाट्याचा वारा'. त्या दिवशी वादळ असूनही आकडा पडला होता. म्हणून तर जोराच्या वादळात दोन-तीन दिवसांची चाचणी करू नका, असं सांगतात. आकडा कुठल्याही बाजूला फसवू शकतो.

घराबाहेरही हवामानाचा हाच खेळ चालू असतो. गावाकडची थंडीतली पहाट आठवा. चुलींचा धूर वर जात नाही, घरांच्या कौलांवर चादरीसारखा आडवा पसरतो. जमिनीलगतची हवा गार आणि जड, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. त्या झाकणाखाली धुरासारखाच रेडॉनही साठतो. उघड्या हवेतलं त्याचं प्रमाण म्हणूनच पहाटे, सूर्य उगवायच्या सुमारास सर्वांत जास्त असतं. ऊन तापलं, हवा वर-खाली ढवळली गेली, की दुपारी सर्वांत कमी.

आणि पाऊस तर त्याच्या पोराबाळांना धुऊन खालीच आणतो. सी. टी. आर. विल्सन, ज्यांच्या मेघपेटीबद्दल आपण भौतिकशास्त्रात शिकलो, त्यांनी १९०२ मध्ये नुकत्याच पडलेल्या पावसाचं पाणी आटवून पाहिलं. भांड्याच्या तळाशी राहिलेला थर किरणोत्सारी होता आणि अर्ध्या तासात त्याचा जोर निम्मा होत होता. पावसाच्या थेंबांबरोबर हवेतले शिसं आणि बिस्मथ जमिनीवर येतात, तासा-दोन तासांत विरून जातात. आजही किरणोत्सार मोजणाऱ्या केंद्रांवर सर आली की आलेख उसळी मारतो. जाणकार आधी खिडकीबाहेर बघतात, पाऊस आहे का ते. यानं आपल्याला काही अपाय होत नाही. पावसात भिजायला हरकत नाही, हे मी आईला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, "कोयनेच्या पावसात भिजून इथवर आले, आता कुठं हरकत असणार?"

हे ती फोनवर भावालाही सांगत होती. त्याला लगेच काळजी. "आपल्याकडे पण असतो का हा वायू?" असतो, सगळीकडे असतो. पण आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब खडक. ग्रॅनाइटमध्ये ते जास्त असतं. शिवाय साताऱ्याच्या घराला बेसमेंट नाही आणि खिडक्या बाराही महिने उघड्या. थंड देशांतली बंद घरं आणि जमिनीत उतरलेल्या खोल्या, यांची गोष्ट वेगळी. भावाला मी आणखी एक सांगितलं, आणि ते ऐकून तो खूश झाला. समुद्रातून रेडॉन जमिनीच्या मानानं नगण्य निघतो. त्यामुळे मुंबईत नैर्ऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो तेव्हा त्यात रेडॉन कमी, आणि हिवाळ्यात जमिनीवरून वारा येतो तेव्हा जास्त. म्हणजे हवेतला रेडॉन मोजून वारा कुठून आला ते सांगता येतं. रामा या भारतीय शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये याच वायूच्या मदतीनं मान्सूनच्या वाऱ्यांचा माग काढण्यावर शोधनिबंध लिहिला होता. ज्या गोष्टीची आपल्याला भीती वाटते, तीच कुणाला तरी मान्सूनची वाट दाखवते.

फेब्रुवारीत माणूस आला. राज्याचा परवाना असलेला. इथं तो आवश्यक आहे, आणि तो बघूनच काम द्यावं. त्यानं बेसमेंटच्या फरशीला एक गोल भोक पाडलं, त्याखालची थोडी माती-खडी काढली, त्यात पाइप उभा केला. पाण्याच्या खड्ड्यावर हवाबंद झाकण बसवलं, भेगा बुजवल्या. पाइप बाहेरून छपराच्या वर नेला आणि त्यात पंखा बसवला. पंखा रात्रंदिवस चालू राहतो, फरशीखाली घरापेक्षा कमी दाब ठेवतो. त्यामुळे वायू घरात न शिरता पाइपातून वर जाऊन हवेत मिसळतो.

आई खुर्ची टाकून सगळं बघत होती. काम संपल्यावर म्हणाली, "म्हणजे जमिनीला धुराडं बसवलं."

मी त्या माणसाला तिचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, आजवर कुठल्याही गिऱ्हाइकानं इतकं चटकन समजून घेतलं नव्हतं. सगळा मिळून खर्च चौदाशे डॉलर आला. यापेक्षा जास्त आम्ही एका भारतवारीत नुसत्या बॅगा आणि भेटवस्तूंवर घालवतो.

कालनिर्णयाच्या चौकटी आता अशा आहेत. '१.२ ऊन.' '१.१ ढग.' आणि मार्चमधल्या एका वादळी रात्रीनंतर, '१.६ पाऊस. गुडघे.'

पण या सगळ्यात एक गोष्ट राहते, आणि ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. चार हिवाळे. ते मला परत आणता येत नाहीत. आईला घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. रेडॉन किती अंगात गेला हे सांगणारी कुठलीही नेहमीची तपासणी नाही, असं त्यांनी सांगितलं. मग धोका किती? ईपीएचा हिशेब असा आहे, की कधीही धूम्रपान न केलेली १००० माणसं आयुष्यभर ४ च्या हवेत राहिली, तर त्यांतल्या सुमारे ७ जणांना या कारणानं फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्यांत हाच आकडा ६२. आई आयुष्यभर राहिली नाही, चार वर्षं राहिली. पण ४ मध्ये नाही, त्याच्या दुप्पट हवेत. तिनं विडी-सिगारेट कधी ओढली नाही, पण लहानपणापासून चुलीचा धूर खाल्लाय. यातून तिचा स्वतःचा आकडा काढता येत नाही. डॉक्टर म्हणाले, धोका होता, लहान होता, आता तो वाढायचा थांबलाय. हे खरं आहे. तरीही रात्री कधी तिला खोकला आला की मी जागा होतो.

हे मी एकदा तिच्यापाशी बोललो. म्हणालो, "आई, मी तो कागद नीट वाचला असता तर..."

ती तांदूळ निवडत होती. इथल्या तांदळात खडा नसतो, तरी ती निवडते. म्हणाली, "तुझे बाबा पावसाचा आकडा लिहायचे. एकदा ताप आला म्हणून दोन दिवस गेले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी गेल्यावर साहेबांना काय म्हणाले ठाऊक आहे? 'दोन दिवसांचा राहिला, आजपासून चुकणार नाही.' राहिलेला पाऊस काही परत मोजता येत नाही."

मी काय बोलणार! मी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायला लागलो.

आता वाचकहो, तुमच्यासाठी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि बेसमेंटमधली खोली त्यांना मिळते. कित्येकांनी करोनानंतर ऑफिस तिथंच थाटलंय, मुलांच्या खेळण्याची जागा तिथंच आहे. तुमच्या फाइलमधला रिपोर्ट एकदा काढा. आकडा बघाच, पण त्याच्या शेजारची तारीखही बघा. उन्हाळ्यातला असेल, दोनच दिवसांचा असेल, तर त्यावर निर्धास्त राहू नका. छोटी चाचणी करणार असाल तर थंडीत करा, बारा तास आधीपासून खिडक्या-दारं बंद ठेवा, मोठं वादळ येणार असेल तर पुढे ढकला. आणि जमलं तर ९० दिवसांपेक्षा जास्त काळ चालणारी चाचणी करा, म्हणजे ऊन, पाऊस, बर्फ, वारा सगळे आपापला वाटा देतील आणि खरी सरासरी निघेल. शेजाऱ्याचा आकडा आपला समजू नका. एकाच गल्लीत लागून असलेल्या दोन घरांत तो अगदी वेगळा असू शकतो. आम्हाला अकराच्या शेजारी आठ मिळाला, पण दोन किंवा वीसही मिळू शकला असता.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल-डेव्हनच्या ग्रॅनाइटवर राहणाऱ्यांनाही हेच लागू. तिथली दुरुस्तीची रेषा २०० बेकरेल. कॅनडातही तीच, आणि तिथली थंडी तर आमच्याहून लांब.

नव्या घरमालकांना अजून त्या पाइपाचं कौतुक वाटत नाही. परवा विचारत होते, हे छपरावर काय आहे म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं. तुमच्या आधीच्या मालकांनी एक प्रश्न विचारला नसता तर आमच्या घराला हे कधीच लागलं नसतं, असंही सांगितलं.

आज सकाळी आठला आई जिन्याखालून ओरडली, "अरे, एक पॉइंट तीन! पण संध्याकाळी पाऊस आहे बघ."

मी फोनवर हवामानाचा अंदाज बघितला. संध्याकाळी सहाला पाऊस होता.